हॅश टाकला म्हणजे आधार लपला असं नाही

काही जण म्हणतात की सांगली मार्केट यार्डात हळद आणणाऱ्या शेतकऱ्यांची ओळख ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या, मागाहून न बदलता येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर) नोंदवणाऱ्या स्टार्टअपपासून धोका नाही, कारण साखळीवर आधार क्रमांक नव्हे, फक्त त्याचा हॅश, म्हणजे गणिती सूत्रानं काढलेला ठसा, जातो. हे साफ चूक. आधारचे अंक 12. पहिला 0 किंवा 1 नसतो, शेवटचा आधीच्या 11 अंकांवरून काढलेला तपासणी अंक. उरल्या जेमतेम 8 हजार कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-256 या हॅश सूत्रानं त्या सगळ्यांचे हॅश मिनिटाच्या आत काढून जुळवतं, म्हणजे मूळ क्रमांक उघड. आणि साखळीवरून खोडता येत नाही, मग 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातला माहिती पुसून घेण्याचा हक्क कुठे वापरणार?

म्हणून साखळीवर फक्त ओळखीचा दाखला देणाऱ्याची सार्वजनिक किल्ली (त्याची सही तपासायचा, सर्वांना खुला कोड) आणि रद्द दाखल्यांची यादी ठेवावी. डिजिटल सही केलेला दाखला शेतकऱ्याच्या फोनमध्ये. अडत्यानं क्यूआर स्कॅन करायचा, सही जुळते का पाहायचं, मग दाखला रद्द झालाय का ते. ही दुसरी पायरी नेटवर्क नसलं की सर्रास गाळली जाते.

खरी पंचाईत फोन हरवल्यावर. त्यातली खाजगी किल्ली, म्हणजे दाखला आपलाच हे सिद्ध करणारा गुप्त कोड, गेली की दाखला नव्यानं द्यावा लागतो, म्हणजे माणसाला पुन्हा समोर बसवून कागद तपासणं आलंच. कंपनीला आधी हेच विचारा.

बाकी नुसती सही तपासायची तर आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल (ओळख पटवायला धारकानं स्वतः उतरवून घ्यायची) आहेच. तीही डिजिटल सहीची, पूर्ण क्रमांक न दाखवणारी. तिथे ब्लॉकचेन कशाला हवी?