सेंटर बॅकने जागा सोडायची की नाही? क्लब्समधल्या बचावावर चर्चा

फातोर्डा_ईस्ट

माझे मत ठाम आहे, पटत नसेल तर कारणासकट खोडून काढा. ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉल व्हिडिओ गेमच्या क्लब्समध्ये, म्हणजे जिथे टीममधला प्रत्येक खेळाडू वेगळा माणूस ऑनलाइन चालवतो तिथे, सेंटर बॅकने (बचावफळीच्या मधल्या दोघांनी) चेंडूवर जाऊच नये.

एकट्याने खेळताना एक बचावपटू चुकला तर एका बटणावर दुसरा हातात येतो. क्लब्समध्ये ज्याचा त्याचा खेळाडू ठरलेला. सेंटर बॅक जागेवरून निघाला की तो स्वतः परतेपर्यंत ती जागा उघडी. समोरचा स्ट्रायकर मुद्दाम दहा-बारा मीटर मागे येतो आणि पास मागतो. आपला सेंटर बॅक त्याच्या पाठीवर स्प्रिंट मारत जातो. स्ट्रायकर एका स्पर्शात चेंडू बाजूला देतो, तिथून थ्रू पास (बचावफळीच्या मागे सोडलेला), आणि विंगर मोकळ्या भोकातून थेट गोलकीपरसमोर. आपल्या गोव्यातल्या टीमांच्या सामन्यांत हा गोल इतक्या वेळा दिसतो की आता त्याचे नवल वाटत नाही.

म्हणून चौघांनी रेषा धरावी. दोन सेंटर बॅकमध्ये आठ ते दहा मीटर. फुल बॅकने, म्हणजे दोन कडांच्या बचावपटूंनी, टचलाइनला चिकटू नये. मैदानाची रुंदी ६८ मीटर धरली तर टचलाइनपर्यंत पसरलेल्या चौघांमधली प्रत्येक फट २२ मीटरच्या वर जाते. तेच चौघे पेनल्टी बॉक्सच्या रुंदीत, म्हणजे साधारण ४० मीटरमध्ये आले की फट १३ मीटरवर येते. चेंडूवर जायचे काम सीडीएमचे, म्हणजे बचावफळीच्या पुढे खेळणाऱ्या मिडफिल्डरचे. तो गेला तरी मागे चार जण उरतात, सेंटर बॅक गेला तर तीन उरतात आणि तेही तिरके.

डिचोलीकर_५

निदान बरोबर, औषध चुकीचे. तुमच्या गोष्टीतला सेंटर बॅक बाहेर पडला म्हणून गोल झालेला नाही. तो स्प्रिंट मारत गेला आणि त्याचा जोडीदार, म्हणजे दुसरा सेंटर बॅक, हलला नाही, म्हणून झाला.

रेषा धरून बसलात तर काय होते ते पाहा. स्ट्रायकर बॉक्सबाहेर चेंडू घेतो, त्याला कोणी भिडत नाही, तो आरामात वळतो. आता तोंड गोलकडे, समोर पाच-सहा मीटर मोकळे. फिनेस शॉटचा (वळवून मारायचा) प्लेस्टाइल, म्हणजे खेळाडूला दिलेले खास कौशल्य, असलेला माणूस तिथून दूरच्या पोस्टला चेंडू वळवतो. तुमची रेषा जागच्या जागी, गोल मात्र झालेला. पाठ गोलकडे असलेला स्ट्रायकर निम्मा धोक्याचा असतो. त्याला वळू देणे हीच खरी चूक.

बाहेर पडावे, पण तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच. पास पायातून सुटलेला आणि वाटेत असला पाहिजे. घेणाऱ्याची पाठ आपल्या गोलकडे असली पाहिजे. आणि जोडीदाराने "जा" म्हटलेले असले पाहिजे. निघताना स्प्रिंट, पण शेवटचे तीन-चार मीटर स्प्रिंट सोडून जॉकी, म्हणजे चेंडूवाल्याकडे तोंड ठेवून सावध सरकणे: प्लेस्टेशनवर एल२, एक्सबॉक्सवर एलटी. दीड मीटरवर थांबायचे. टॅकलचे बटण दाबायचे नाही. त्याला मागे पास द्यायला लावले की काम झाले, चेंडू मिळवायची घाई नाही. पास मागे गेला की त्याच क्षणी आपणही मागे.

गोव्याच्या डेंपो क्लबने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशा तीन आय-लीग (तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग) जिंकल्या त्या काळात मागे महेश गवळी आणि समीर नाईक होते. सेंटर बॅक हे दोघांनी मिळून करायचे काम आहे, हे गोंयकाराला वेगळे सांगायला नको. एक पुढे गेला की दुसऱ्याने दोन-तीन मीटर मागे सरकून मधोमध यायचे आणि त्या बाजूच्या फुल बॅकने आत यायचे.

फातोर्डा_ईस्ट

गवळी-नाईकांचे नाव काढलेस बाब, पण मैदान आणि स्क्रीन एक नव्हे. मैदानावर बचावपटू मान वळवून मागे बघतो, जोडीदाराचा श्वास ऐकतो. गेममध्ये धावत्या खेळाडूला १८० अंशात वळवायला लागणारा वेळ त्याच्या चपळाईवर आणि अ‍ॅनिमेशनवर ठरतो. तुम्ही स्टिक कितीही लवकर फिरवा, सव्वासहा फुटी सेंटर बॅक जहाजासारखाच वळतो. तेवढ्यात वेगवान विंगर चार मीटर पुढे.

आणि "दोन-तीन मीटर मागे सरकायचे" म्हणतोस, तिथे ऑफसाइड संपला. ऑफसाइड ठरतो शेवटून दुसऱ्या बचावपटूवर, आणि बहुतेक वेळा शेवटचा गोलकीपरच असतो. एक जण मागे सरकला की सगळ्या हल्लेखोरांना तेवढे मीटर फुकट.

म्हापसा_एक_नंबर

गोलकीपरच्या जागेवरून दोघांना उत्तर. ऑफसाइडवर इतका भरवसा ठेवूच नका. चार माणसांपैकी एकाचा पाय मागे राहिला की सापळा फसतो, आणि चार वेगवेगळ्या घरांतून चार कंट्रोलरवर एकाच क्षणी पुढे पाऊल टाकणे फार अवघड. दोन मीटर फुकट गेले तरी चालतील, कारण मागच्या माणसाला आधीच धावायची दिशा मिळालेली असते. थ्रू पास पडला तर तो पहिला पोचतो.

मला वरून एकच हवे असते: शॉट कुठून येणार हे कळावे. सेंटर बॅक जवळचा पोस्ट झाकून उभा असेल तर मी दूरच्या पोस्टकडे अर्धे पाऊल सरकतो. तो कधी इकडे तर कधी तिकडे झुकत असेल तर मला मध्येच थांबावे लागते आणि दोन्ही कोपरे उघडे पडतात.

आणि कटबॅक, म्हणजे गोललाइनजवळून मागे दिलेला पास. याबद्दल कोणीच बोलले नाही. विंगर गोललाइनपर्यंत पोचला की दोन्ही सेंटर बॅक गोललाइनकडे धावतात आणि चेंडू मागे पेनल्टीच्या ठिपक्यावर येतो, जिथे आपला एकही माणूस नसतो. एका सेंटर बॅकने जवळच्या पोस्टसमोर, साडेपाच मीटरच्या छोट्या बॉक्सच्या रेषेवर उभे राहायचे. दुसऱ्याने स्ट्रायकरसोबत. ठिपका, म्हणजे ११ मीटर, हा सीडीएमचा. पलीकडच्या फुल बॅकने दूरच्या पोस्टला. विंगरला अडवायला फक्त त्या बाजूचा फुल बॅक, बाकी कोणी नाही.

सत्तरी_सहा

म्हणजे फातोर्ड्याच्या मते चेंडूवर जायचे सीडीएमने, म्हापशाच्या मते ठिपका राखायचा सीडीएमने, आणि डिचोलीकरच्या मांडणीत सेंटर बॅक बाहेर पडला की ते भोक बुजवायलाही मन सीडीएमकडेच जाणार. एक माणूस हे सगळे करू शकत नाही. कोणते आधी, ते ठरवा.

माझ्या मते सीडीएमचे पहिले काम चेंडूवर जाणे नाहीच. चेंडूवाला आणि स्ट्रायकर यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर उभे राहणे हे पहिले काम. त्या रेषेत उभे राहून जॉकी धरला की पायातला पास बंद होतो, आणि मग सेंटर बॅकने बाहेर पडायचे की नाही हा वादच अर्ध्या वेळा उरत नाही. चेंडूवर दबाव टाकायचे काम पुढच्या मिडफिल्डरचे आणि परत फिरलेल्या विंगरचे. आपल्या टीमांत विंगर परततच नाहीत. चेंडू गेला की हाफलाइनवर उभे राहून पुढच्या पासची वाट बघतात, आणि शिव्या बचावफळीला.

सीडीएम आणि सेंटर बॅक यांच्यात आठ-दहा मीटर. पंधरा झाले की मधल्या खिशात त्यांचा दहा नंबर, म्हणजे हल्ला रचणारा मिडफिल्डर, फिरतो. पाच झाले की दोघे एकाच माणसाला धरतात.

प्लेस्टाइलसाठीही एक सांगतो. सीडीएमला इंटरसेप्ट (पास मध्येच तोडणे), सेंटर बॅकला जॉकी किंवा अँटिसिपेट (उभ्याने टॅकल). सगळ्यांनी स्लाइड टॅकल (घसरून केलेला) घेऊन काही साधत नाही. स्लाइड चुकली की खेळाडू उठेपर्यंत तुमच्या हातात काहीच नसते.

फोंडा_लॅनवाला

जागेच्या चर्चेत एक हिशोब राहिला. धावणारा हल्लेखोर सेकंदाला साधारण आठ मीटर जातो असे धरा. तुमचे बटण आणि स्क्रीनवरची हालचाल यांत एकूण १०० मिलिसेकंद उशीर असेल तर तेवढ्यात तो ०.८ मीटर पुढे गेलेला असतो. तुम्हाला जो दिसतो तो जुना खेळाडू. म्हणून डिचोलीकरचे दीड मीटर चांगल्या जोडणीवर ठीक, पण वायफायवर, त्यातही पावसाळ्यात जोडणी वरखाली होते तेव्हा, दोन-अडीच मीटर ठेवा. अंतर कमी ठेवून टॅकल मारला तर पाय हवेत जातो आणि माणूस निसटतो.

ज्यांचा कन्सोल राउटरपासून दोन भिंती पलीकडे आहे त्यांनी निदान सेंटर बॅक खेळू नये किंवा केबल टाकावी. विंगरचा उशीर टीमचा एक हल्ला घालवतो, सेंटर बॅकचा उशीर गोल खायला लावतो. टीव्हीवरचा गेम मोडही चालू करा. चित्र सुधारण्याची प्रक्रिया बंद झाली की बराच उशीर कमी होतो.

कॅमेरा प्रो (आपल्या खेळाडूच्या मागून दिसणारा) ठेवून सेंटर बॅक खेळणारे लोकही आहेत. दिसायला सुंदर, पण पाठीमागचा विंगर दिसत नाही. टेली ब्रॉडकास्ट घ्या, उंची वाढवा, झूम शून्यावर आणा. पलीकडचा फुल बॅक दिसला पाहिजे.

साखळीची_तीन

लेफ्ट बॅकच्या बाजूने बोलते. सेंटर बॅक बाहेर पडला की फुल बॅकने आत यायचे, हे वाचायला सोपे आहे. मी आत आले की माझ्या बाजूचा विंगर टचलाइनवर मोकळा. डिचोलीकरबाब, त्याचे काय?

माझे उत्तर असे की तो मोकळा राहू द्यावा. गोलपासून सर्वांत लांबचा माणूस हाच मोकळा सोडायचा असतो. त्याच्यापर्यंत पास जायला जो वेळ लागतो, तेवढ्यात बाहेर पडलेला सेंटर बॅक परत येतो आणि मी बाहेर सरकते. पण मी निघताना समोरून पळत नाही, आतल्या बाजूने तिरकी जाते, म्हणजे त्याला टचलाइनकडेच ढकलता येते. त्याने क्रॉस मारला तर मारू द्या, आत तीन उंच माणसे उभी आहेत. त्याने आत कट मारला तर मात्र चूक माझी.

आणि हाका छोट्या ठेवा. व्हॉइसवर अकरा जण गप्पा मारत असतील तर "जा" कोणाला ऐकू येणार? चेंडू आपल्या अर्ध्यात आला की फक्त गोलकीपर, दोन सेंटर बॅक आणि सीडीएम बोलतील. "फाटीं" (मागे), "म्हजो" (माझा), "जा", "राव" (थांब). एवढ्या चार हाका पुरतात.

फातोर्डा_ईस्ट

साखळीच्या बायचा मुद्दा मला पटतो, लांबचा माणूस सोडणे बरोबर. पण त्यात माझेच म्हणणे सिद्ध होते. एका सेंटर बॅकने बाहेर पडायचे तर जोडीदार, फुल बॅक आणि सीडीएम या तिघांनी अर्ध्या सेकंदात हलले पाहिजे. अकरा ओळखीची माणसे रोज खेळत असतील तर हे जमते. पण गणेशचवथीच्या दिवसांत कोण पेडण्याला मूळघरी, कोण काणकोणला, सहा-सात जणांवर सामना काढावा लागतो. बाकी जागांवर कॉम्प्युटर. त्याला कोणाची हाक ऐकू येते?

डिचोलीकर_५

हाक ऐकत नाही, पण सूचना पाळतो. गेमच्या एफसी २५ या आवृत्तीपासून प्रत्येक जागेला भूमिका देता येते. कॉम्प्युटरच्या सेंटर बॅकला स्टॉपर दिले असेल तर तो आपणहून पुढे जातो. जोडीला माणूसही बाहेर पडला की दोघे गेले, मागे मैदान मोकळे. कॉम्प्युटरला साधी डिफेंडर ही भूमिका द्या, म्हणजे तो मागे राहतो आणि बाहेर पडायचा निर्णय फक्त माणसाचा. सीडीएमही कॉम्प्युटर असेल तर त्याला सेंटर-हाफ द्या, तो दोघांच्या मध्ये उतरतो. रेषेची उंची, म्हणजे बचावफळी किती पुढे उभी राहते ते, १०० पैकी ५० च्या खाली आणा. उंच रेषा कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवू नये, इथे फातोर्ड्याशी माझा वाद नाही.

सहा माणसे असतील तर ती वाटायची कशी, हाही प्रश्न आहे. बहुतेक जण स्ट्रायकर आणि विंगर आधी घेतात. उलट करा: दोन्ही सेंटर बॅक आणि सीडीएम माणसेच हवीत, कारण मधला कणा कॉम्प्युटरवर सोडला की बाहेर कितीही चांगले खेळलात तरी उपयोग नाही.

म्हापसा_एक_नंबर

रश हा लहान सामन्यांचा प्रकार खेळणाऱ्यांनी यातले काहीच जसेच्या तसे उचलू नये. एफसी २५ मध्ये तिथे पाचास पाच, गोलकीपर कॉम्प्युटरचा, आणि ऑफसाइड फक्त शेवटच्या एक तृतीयांश भागात. मधल्या भागात रेषा धरून काही मिळत नाही. एकाने कायम मागे राहायचे, एवढाच नियम, आणि तो कोण हे हल्ला सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

सत्तरी_सहा

वाद तोंडी मिटणार नाही, सरावात तपासा. क्लबचा फ्रेंडली सामना लावा. पहिल्या हाफमध्ये फातोर्ड्याची पद्धत, सेंटर बॅक हलणार नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये डिचोलीकरची, तीन अटी जुळल्या तरच बाहेर. समोरच्या स्ट्रायकरला दोन्ही हाफमध्ये मागे येऊन पास घ्यायला सांगा. एकाने दोनच गोष्टी लिहायच्या: स्ट्रायकर किती वेळा वळला, आणि आपल्या रेषेमागे थ्रू पास किती वेळा पोचला. गोल मोजू नका. एका सामन्यातले गोल गोलकीपरवर आणि नशिबावर फार अवलंबून असतात.

फातोर्डा_ईस्ट

चालेल. पण सीडीएम जागेवर नसताना बाहेर पडलेला सेंटर बॅक मी चूकच लिहिणार, मग चेंडू मिळाला तरी.

डिचोलीकर_५

लिही. सीडीएम नसेल तर जोडीदाराने "जा" म्हणायचेच नाही, ते माझ्या तिसऱ्या अटीतच आले. आणि वायफायवरच्या माणसाला स्ट्रायकर करा, नाहीतर आकडे चुकतील.