शेण पिळायच्या मशीनमधून चोथा ओलाच येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोठ्यात 32 गाई आहेत. बायोगॅसची स्लरी (गॅस निघाल्यावर उरणारा पातळ काला) टँकरने शेतात नेणं परवडेना, म्हणून दिवाळीनंतर स्क्रू प्रेस (फिरत्या स्क्रूने शेण जाळीवर दाबून पाणी पिळणारं मशीन) घेतला. 5 एचपी मोटर, जाळी 0.75 मिमीची. ताजं शेण पाण्यात कालवून दिलं की चोथा छान भुसभुशीत पडतो. मुठीत दाबला तरी बोटांतून थेंब येत नाही. पण बायोगॅसची स्लरी सोडली की मशीनच्या तोंडाशी चोथ्याचं घट्ट बूच बसतच नाही, सगळा काला भसकन बाहेर. त्यात चाऱ्याचा धागाच उरलेला नसतो, म्हणून होत असावं.

तोंडावरच्या झाकणाचं वजन वाढवून पाहिलं. मोटर तापली, जाळी चोंदली, दुपारभर तारेच्या ब्रशने घासत बसलो. वडील म्हणतात, गोणपाटात भर न् वर दगड ठेव, फुकटात होईल!

विकणारा आता फोन उचलत नाही. 0.5 ची जाळी बसवून फरक पडेल का? की स्लरीत थोडं ताजं शेण मिसळावं? उसाचं पाचट घालायचा विचार होता, पण ते स्क्रूला गुंडाळेल अशी भीती वाटते. नुसत्या स्लरीवर मशीन चालवणाऱ्यांनी प्लीज सांगा. आणि पिळलेलं पाणी ड्रिपला कोणी सोडतंय का? फिल्टर किती दिवसांनी धुता?