मराठी शाळेसाठी फळ्यावरचे व्हिडिओ : सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

प्रेषक: मराठी शाळा, अभ्यासक्रम गट

नमस्कार मंडळी,

दुसरी-तिसरीच्या वर्गांसाठी यंदा छोटे व्हिडिओ करायचं ठरतंय. पांढऱ्या फळ्यावर हात चित्र काढत जातो आणि मागे कुणीतरी गोष्ट सांगतं, तसे. पहिला विषय गोदावरी, कारण २०२७चा सिंहस्थ जवळ आलाय आणि आजी-आजोबांच्या फोनवर मुलांच्या कानावर त्याच्या गोष्टी पडतीलच. कार्यकारिणीने एका सॉफ्टवेअरपुरते पैसे मंजूर केलेत. यादीत व्हिडिओस्क्राइब, डूडली, पाउटून आणि ॲनिमेकर आहेत. ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. नाशिकचे काका, चित्रं तुम्हीच काढणार आहात, त्यामुळे तुमचं मत जरूर हवंय.

प्रेषक: वेबसाइटचं काम बघणारा

ताई, माझं मत पाउटूनला. पाउटून आणि ॲनिमेकर दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, म्हणजे कोणाच्या लॅपटॉपवर काय आहे ही कटकट नाही. फुकटच्या आवृत्तीत व्हिडिओवर त्यांचा छाप राहतो, पण आपण पैसे भरणारच आहोत. तयार पात्रं भरपूर आहेत. आपल्याकडे स्वयंसेवक मोजकेच, तेव्हा काम लवकर उरकणं महत्त्वाचं.

प्रेषक: काका, नाशिक

सगळ्यांना नमस्कार.

दादा, वेळेची अडचण मला समजते, पण पाउटूनबद्दल मी सहमत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो.

ऑफिसच्या सादरीकरणाला ते उत्तम. आपले प्रेक्षक मात्र सात-आठ वर्षांची मुलं आहेत आणि ती अजून अक्षरं गिरवताहेत. पडद्यावरचा हात अक्षर जसं काढेल, तसंच ती काढायला बघणार. म्हणून माझ्या दृष्टीने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा : कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हे आपल्याला ठरवता येतं का?

हे कुठे अडतं ते सांगतो. फाँटमधला 'ग' ही सुटी रेघ नसते, बंद आकृती असते. ती तशीच दिली की हात अक्षराच्या कडेकडेने फिरतो. शिरोरेषेवरून जातो, दंडाच्या एका बाजूने उतरतो, दुसऱ्या बाजूने वर चढतो आणि शेवटी आतला रंग भरला जातो. असं अक्षर कोणीच लिहीत नाही. आपण 'ग'चा डावीकडचा वळसा आधी काढतो, मग उभा दंड, मग काना-मात्रा. सगळा शब्द लिहून झाला की डावीकडून उजवीकडे शिरोरेषा.

याला उपाय आहे. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात शब्द फिकट रंगात मागे ठेवायचा, त्यावरून पेन टूलने एकेक रेघ ओढायची, आतला रंग काढून फक्त रेघेची जाडी ठेवायची आणि फाइल एसव्हीजी म्हणून, म्हणजे प्रत्येक रेघ वेगळी आणि क्रमाने जपणाऱ्या प्रकारात, सेव्ह करायची. व्हिडिओस्क्राइब रेघा त्या फाइलमधल्या क्रमानेच काढतं. डूडलीत रीत वेगळी आहे : चित्र आत घ्यायचं आणि हाताने कसं फिरायचं तो मार्ग आपण त्यावर आखायचा. काम दोन्हीत होतं. माझा कल व्हिडिओस्क्राइबकडे आहे, कारण सगळी मेहनत एसव्हीजीत राहते. उद्या मंडळाने वर्गणी थांबवली तरी त्या फाइली आपल्याकडेच राहतील आणि दुसरीकडे वापरता येतील.

पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीत एक शब्द टाइप करून बघा : त्र्यंबकेश्वर. तो जमला तर 'दुसऱ्या' आणि 'किनारा'. 'कि' साठवताना संगणक क आधी आणि वेलांटी नंतर ठेवतो. दाखवताना ती अलीकडे आणणं हे प्रोग्रामचं काम. ज्याला ते येत नाही, त्यात वेलांटी पलीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. तसं दिसलं तर त्यात मजकूर टाइपच करू नका, सगळे शब्द इंकस्केपमधून चित्र म्हणूनच घ्या.

तयार चित्रांवर फार भिस्त ठेवू नका. टाय लावलेले साहेब, दिव्याचे बल्ब, वर चढणारे आलेख यांची ददात नसते. पण रामकुंडाच्या पायऱ्या, घाटावरची काळ्या दगडाची देवळं, दीपमाळ, द्राक्षांचा मांडव हे त्यात कुठून मिळणार? ते मी काढतो. आणि निवेदनात एक वाक्य हवंच, की नाशिकची माणसं गोदावरीला 'गंगा' म्हणतात आणि घाटाकडे निघाली की 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात.

क्रमाचा मुद्दा चित्रांनाही लागू आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर, तरी ती पूर्वेकडे वळते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. मूल विचारणारच, जवळचा समुद्र का सोडला? म्हणून आधी सह्याद्रीची उभी भिंत, मग पूर्वेकडे उतरत गेलेलं दख्खनचं पठार, आणि मग त्या उतारावरून नदीची निळी रेघ, हळूहळू, न थांबता. नदी आधी काढली आणि डोंगर नंतर, तर सगळं चित्र दिसेल पण कारण कळणार नाही.

आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रांचा वेग त्याला जुळवा. उलट केलं की निवेदक धापा टाकत वाचतो.

प्रेषक: वेबसाइटचं काम बघणारा

काका, शिरोरेषेचं मला सुचलंच नव्हतं, आणि माझी मुलगी याच वर्गात आहे. पाउटूनचा आग्रह सोडतो. एक पर्याय विचारतो : मायक्रोसॉफ्ट ३६५च्या पॉवरपॉइंटमध्ये लेखणीने काढलेल्या रेघा त्याच क्रमाने पुन्हा उमटवणारं 'रिप्ले' ॲनिमेशन आहे, आणि स्लाइड व्हिडिओ म्हणून बाहेर काढता येतात. बऱ्याच जणांकडे ते आधीच आहे. त्यात भागेल का?

प्रेषक: काका, नाशिक

अक्षरओळखीच्या तुकड्यांना नक्की भागेल, आणि तिथे तेच वापरा. टॅबलेटवर स्टायलसने लिहायचं, रेघांचा क्रम आपोआप बरोबर येतो. इंकस्केपची मेहनतही वाचते. गोदावरीच्या गोष्टीत मात्र कॅमेरा डोंगरापासून समुद्रापर्यंत सरकायला हवा आणि हातही दिसायला हवा. ते व्हिडिओस्क्राइबमध्ये.

प्रेषक: मराठी शाळा, अभ्यासक्रम गट

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. अक्षरांचे तुकडे पॉवरपॉइंटमध्ये, म्हणजे त्याला वेगळा खर्च नाही. व्हिडिओस्क्राइबची चाचणी आवृत्ती घेऊन तीनही शब्द तपासते आणि पडद्याचे फोटो इथेच टाकते. पैसे त्यानंतरच भरू. काका, सह्याद्री आणि पठार वेगवेगळ्या फाइलींत पाठवाल का? निवेदनासाठी ज्यांना आवाज द्यायचा आहे त्यांनी मला थेट लिहा. नाशिककडची बोली कानावर असलेलं कोणी मिळालं तर फारच बरं.