मदत हवी आहे: समुद्राजवळच्या घरासाठी ३ स्टार एसी की ५ स्टार?

मंडळी, मांद्र्याला आमचं घर किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. आईच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवायचाय. ती ७८ वर्षांची. एप्रिल-मे महिन्यांत रात्र रात्र जागी असते. पंखा फिरत असतो, पण घाम वाळत नाही. म्हापशाला दोन दुकानं पालथी घातली. दोन्हीकडे एकच सल्ला: ५ स्टार घ्या, बिल वाचेल.

लेबलांचे फोटो काढून आणले होते, ते घरी नीट वाचले. ३ स्टारवर वर्षाला ९६० युनिट, ५ स्टारवर ७४५. किमतीत फरक ९,००० रुपयांचा. पण हे आकडे वर्षाला १६०० तास वापर आणि बाहेर २४ ते ४३ अंश तापमान धरून काढलेले असतात. मांद्र्यात ४३ अंश कुठले! एसी लागणार मार्चअखेर ते पहिल्या पावसापर्यंत, मग थोडा ऑक्टोबरात. रोज आठ तास, शंभर रात्री, म्हणजे ८०० तास. बचत जेमतेम १०० युनिटांची. युनिटला ५ रुपये धरले तर वर्षाला ५०० रुपये. नऊ हजार वसूल व्हायला १८ वर्षं! खाऱ्या वाऱ्यात एसी इतका टिकतो का? शेजारच्यांच्या बाहेरच्या युनिटची कॉईल चौथ्याच वर्षी गळायला लागली, पत्र्याचा तर हात लावला की भुगा पडतो.

त्यात पणजीचा भाऊ त्याचा २०१९ चा ५ स्टार एसी देतो म्हणतोय. लेबलवर आयएसईईआर (एका युनिट विजेत हंगामभर सरासरी किती गारवा मिळतो, तो आकडा; जितका जास्त तितकं बरं) ४.६. तेव्हा स्प्लिट एसीच्या ५ स्टारला ४.५ पुरे होते, जुलै २०२२ पासून ५ लागायला लागले. म्हणजे २०२२ च्या हिशेबाने तो ४ स्टारच. हे कळल्यापासून मी स्टार न मोजता आयएसईईआरच बघतो.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कृपया सांगा: तांब्याची, लेप दिलेली कॉईल तुमच्याकडे खरोखर किती वर्षं टिकली? गोड्या पाण्याने धुतल्याने फरक पडतो का? आणि मला सगळ्यात जास्त काळजी दमटपणाची आहे. हवेतला ओलावा एसी किती खेचतो, हे आयएसईईआरवरून वेगळं कळत नाही. रात्री इन्व्हर्टर मंद चालला की खोली गार पण चिकट राहते, असा अनुभव कुणाला आहे का? ड्राय मोडवर (ओलावा काढायच्या सेटिंगवर) ठेवून वयस्कर माणसांना बरं वाटतं का?

पाडव्याच्या आत बसवायचाय, त्यामुळे जरा लवकर सांगा.