लहानपणीचा हिरो आणि नवा चेहरा : तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री लेकीबरोबर २०१० चा 'द ए-टीम' बघायला बसले आणि दहाव्या मिनिटाला माझ्या तोंडून निघालं, अगं बी. ए. असा नसतो. ती म्हणाली, असा म्हणजे कसा? मग सिनेमा थांबवून तिला मूळ 'ए-टीम' सिरियलमधला बी. ए., म्हणजे तो करणारा मिस्टर टी, सांगत बसले. त्याच्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळ्या, ते केस, विमानाची त्याला वाटणारी भीती आणि मग बाकीचे तिघं त्याला गुंगीचं औषध देऊन विमानात कसे चढवायचे ते. कॉलेजात असताना रूममेटच्या घरी केबलवर मी ही सिरियल बघायचे, मूळची १९८३ ते ८७ ची. हजारो गोळ्या सुटायच्या आणि माणूस सहसा मरायचा नाही. चौघांना कुठल्यातरी शेडमध्ये कोंडायचे, तिथे वेल्डिंगचं सामान असायचंच, आणि पाच मिनिटांत भंगारातून चिलखती गाडी तयार. माझा जीव त्या वेल्डिंगमध्ये होता. सिनेमात विमानातून पॅराशूटला लटकलेला रणगाडा आहे, तो भारी आहे, पण तो त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला नाही ना.

एक गोष्ट मात्र फार आवडली. नव्या सिनेमातला बी. ए. तुरुंगात गांधीजी वाचून अहिंसेचं व्रत घेतो आणि टीमचा म्होरक्या हॅनिबल त्याला गांधीजींचंच दुसरं वाक्य ऐकवतो. जुन्या बी. ए. ला हे दिलं असतं तर त्यानंही मनापासून केलं असतं असं वाटलं, आणि तिथून पुढे मला नवा माणूस चालायला लागला.

तर विचारायचंय हेच. जुन्या ॲक्शन सिरियलचा सिनेमा झाला, माणसं बदलली, तेव्हा तुम्हाला काय झालं? परीक्षण नको, स्वतःचं सांगा. जिचा सिनेमा झालाच नाही तिच्यात आज कोण हवं तेही लिहा.

* * *

ताई, स्ट्रीट हॉक. दुसरं नावच नाही माझ्याकडे.

मी इचलकरंजीचा, गॅरेज आहे माझं. दूरदर्शनवर स्ट्रीट हॉक लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट, पण त्यानं काही फरक पडायचा नाही कारण गाडी काळीच आणि बहुतेक सगळं रात्रीचंच. जेसी मॅक हा मोटरसायकलवरचा पोलिस, ड्युटीवर जखमी होतो, मग त्याला सरकारी गुप्त गाडी चालवायला देतात, ताशी ३०० मैल म्हणजे आपले साधारण ४८० किलोमीटर. इंग्रजी एक अक्षर कळायचं नाही पण गाडीचा आवाज कळायचा. अकरावीत वडलांच्या राजदूतला मी काळा मॅट रंग मारला, पत्रा कापून पुढं चोच बसवली, हँडल वळतच नव्हतं एका बाजूला. वडील काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले पत्रा नीट घासून घे, कुणाचा हात कापंल. तिथून मी या धंद्यात आलो असं धरायला हरकत नाही.

मोठेपणी समजलं की सगळे मिळून १३ च भाग होते, १९८५ साली अमेरिकेत सुरू झालं आणि त्याच वर्षी बंद पडलं. आम्हाला तर वाटायचं वर्षानुवर्षं चाललंय. सिनेमा काढायचा तर काढा, पण माझं म्हणणं जेसीपेक्षा नॉर्मन नीट निवडा. नॉर्मन म्हणजे तो कंट्रोल रूममध्ये बसणारा, घाबरट, गाडी त्यानंच बनवलेली. रस्त्यावर एक आणि कानात दुसरा, या दोघांच्या भांडणावरच सगळी सिरियल उभी होती. जेसी कुणीही देखणा पोरगा करंल. नॉर्मनला असा नट पाहिजे ज्याच्या तोंडावर दिसलं पाहिजे की गाडीला ओरखडा पडला तर याचं काळीज फाटतंय. मराठीत कधी केलं तर जितेंद्र जोशी घ्या, डोळे झाकून. आणि आता केली तर गाडी इलेक्ट्रिक करतील बहुतेक, आजकाल ते शोभंल पण.

* * *

इलेक्ट्रिकला माझा विरोध नोंदवून ठेवा. अहो दादा, तुम्हीच म्हणताय आवाज कळायचा म्हणून! टँजरिन ड्रीम बँडचं ते सुरुवातीचं संगीत आणि त्यात मिसळलेला इंजिनचा आवाज, तो काढला तर उरतं काय. बाकी नॉर्मनबद्दल शंभर टक्के सहमत.

* * *

आईने सांगितलंय, मी टाइप करतेय.

आई १९६९ साली लग्न होऊन अमेरिकेत गेली. बाबा तिथे इलेक्ट्रिकलचं मास्टर्स करत होते. दिवसभर ती एकटी, बाहेर बर्फ, इंग्रजी शाळेतलं. वापरलेला छोटा टीव्ही बाबांनी आणला आणि त्यावर दर आठवड्याला दोघं 'मिशन इम्पॉसिबल' बघायची. आई म्हणते मी इंग्रजी ऐकायला शिकले ती सुरुवातीला टीमला कामगिरी सांगणाऱ्या त्या टेपवरून, कारण तो टेपमधला माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलायचा, आणि पाच सेकंदांत टेप जळणार म्हणून लक्ष देऊन ऐकावंच लागायचं. टीमचे प्रमुख जिम फेल्प्स, म्हणजे पीटर ग्रेव्ह्ज, तिला ऑफिसातल्या चांगल्या साहेबांसारखे वाटायचे. पण बाबांचा माणूस बार्नी. बार्नी कोलियर, टीममधला इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार, काळा माणूस, ग्रेग मॉरिस करायचे. कुठल्यातरी पाइपात शिरून वायरी जोडणारा, एक शब्द जास्त न बोलणारा. त्या काळात टीव्हीवर काळा माणूस इंजिनिअर आणि सगळी टीम त्याच्या हुशारीवर अवलंबून, हे बाबांना फार मोठं वाटायचं. त्यांना स्वतःला तेव्हा भाड्याने घर देताना लोक दोनदा विचार करायचे.

१९९६ चा सिनेमा आला तेव्हा आम्ही भारतात परतलो होतो, मी तिकिटं काढली, दोघांना मोठ्या हौसेने घेऊन गेले. तुम्हाला माहितीच आहे पुढे काय होतं. प्रागमध्ये जवळजवळ सगळी टीम सुरुवातीलाच मारली जाते, आणि शेवटी गद्दार कोण निघतो तर जिम फेल्प्स. नट वेगळा, जॉन व्हॉइट, पण नाव तेच. आई थिएटरमध्ये मोठ्याने म्हणाली, "हे खोटं आहे." मागचे लोक हसले. त्यानंतर ती बसून राहिली खरी पण पडद्याकडे बघत नव्हती. खुद्द पीटर ग्रेव्ह्जनी ती भूमिका करायला नकार दिला होता आणि ग्रेग मॉरिस सिनेमा अर्ध्यात सोडून उठले होते हे मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं, ते तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, बघ, मी एकटी नव्हते.

मला स्वतःला टॉम क्रूझचे सगळे भाग आवडतात, अनिल कपूर असलेला २०११ चा तर मी तीनदा बघितलाय. पण आईचं म्हणणं मला पटतं, नवा माणूस आणा, नवं नाव द्या, हवी तेवढी मारामारी करा, जुन्या माणसाचं नाव घेऊन त्याची सचोटी कशाला काढून घेता? बाबा २०१४ ला गेले. आई अजून ते संगीत लागलं की बोटांनी ताल धरते, पाच मात्रांचा आहे तो, बाबांनी तिला मोजून शिकवला होता. (आई म्हणतेय हे पण लिही.)

* * *

वरचं वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटेना. काकूंना नमस्कार सांगा.

मी अंधेरीत डबिंग करते, बावीस वर्षं झाली, त्यामुळे मी चेहऱ्यापेक्षा आवाजावर अडते. 'चार्लीज एंजल्स' मध्ये तीन गुप्तहेर मुलींचा साहेब चार्ली कधी दिसत नाही, फक्त स्पीकरमधून बोलतो. १९७६ च्या सिरियलमध्ये तो आवाज जॉन फोर्साइथचा, आणि २००० साली सिनेमा केला तेव्हा तिन्ही मुली नव्या घेतल्या पण चार्लीचा आवाज त्यांचाच ठेवला. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं कास्टिंग. प्रेक्षकाच्या कानाला एक धागा मिळाला की डोळे नव्याला लवकर स्वीकारतात, हे आम्ही स्टुडिओत रोज बघतो. उलट एखाद्या कार्टूनच्या कुत्र्याचा आवाज जरी बदलला तरी मुलं पहिल्या वाक्याला ओळखतात. 'नाइट रायडर' मधल्या किट या बोलणाऱ्या गाडीचं तसंच. विल्यम डॅनियल्सचा तो थोडा करडा, मास्तरासारखा आवाज म्हणजेच ती गाडी होती, आणि त्यांचं नाव श्रेयनामावलीत यायचंही नाही. २००८ ला नवी सिरियल आली, गाडी मस्टँग झाली, आवाज व्हॅल किल्मरचा. नट म्हणून ते मोठेच, पण मला ती गाडी हेडफोन लावून ऐकतानासुद्धा कधी रुसलेली वाटली नाही. किट रुसायची हो! गाडी चालवणारा मायकल, म्हणजे डेव्हिड हॅसलहॉफ, काही वेडेपणा करायला निघाला की तिच्या एका "मायकल" मध्ये सगळं असायचं.

* * *

हॅसलहॉफवरून आठवलं. मी गोव्यात किनाऱ्यावर लाइफगार्ड आहे, कामाला अकरा वर्षं झाली. त्याचीच लाइफगार्डवरची सिरियल 'बेवॉच' आमच्या घरी बघायची परवानगी नव्हती, कारण सांगायला नको. मोठा झाल्यावर सगळं बघितलं तेव्हा लक्षात आलं की त्यात दर भागात एक तरी वाचवण्याचा प्रसंग असायचा आणि तो मनापासून केलेला असायचा, हातात तो लाल रेस्क्यू कॅन, धावत जाऊन पाण्यात उडी, मग सीपीआर. २०१७ चा सिनेमा आम्ही आठ जण ड्युटी संपवून बघायला गेलो. ड्वेन जॉन्सन हॅसलहॉफचा मिच झालाय, प्रियांका चोप्रा व्हिलन, दोघंही मस्त. पण गोष्ट सगळी ड्रग्जच्या तपासाची. आमच्यातला एक जण म्हणाला, हे पोलिसांचं काम आहे, आपलं कुठे आहे यात? आम्हाला वाटलेलं रिप करंट दाखवतील. पाणी वरून शांत दिसतं, पर्यटकाला वाटतं तिथेच सुरक्षित आहे, आणि तेच त्याला आत ओढतं, तेव्हा किनाऱ्याकडे न पोहता आडवं पोहायचं असतं. पडद्यावर दोन मिनिटं ते दाखवलं असतं तर आम्हाला रोज शिट्ट्या मारून सांगावं लागतं ते लाखो लोकांनी बघितलं असतं. कधी पुन्हा केला तर कुणालाही घ्या, फक्त त्याला लाटेत उभं राहता आलं पाहिजे.

* * *

नागपूर. शक्तिमान. २०२२ मध्ये सिनेमाची घोषणा झाली तेव्हापासून वाट बघतोय. सगळे विचारतात शक्तिमान कोण, मी विचारतो गंगाधर कोण? मुकेश खन्नांनी तो चष्मा, ते दात आणि ती भाषा इतकी खरी केली होती की मला लहानपणी ते दोघं एकच आहेत हे पटायलाच वेळ लागला. मसल्स जिममध्ये मिळतात. गंगाधर करायला हिंमत लागते. एवढंच.

* * *

शेवटी एक माझंही.

बाबा ऐंशीच्या दशकात मस्कतला होते, कंपनीच्या क्वार्टरमध्ये सहा जण आणि एक व्हीसीआर. कुणीतरी आणलेल्या कॅसेटवर 'द फॉल गाय' चे काही भाग होते, तेच तेच त्यांनी कितीदा बघितले असतील. ली मेजर्स त्यात स्टंटमन, आणि सुरुवातीचं गाणंही त्याने स्वतःच म्हटलेलं. सुट्टीवर आले की बाबा ते गुणगुणायचे, शब्द अर्धेच यायचे. आम्हाला त्यांच्या मस्कतच्या आयुष्यातलं तेवढंच माहीत.

२०२४ ला सिनेमा आला, रायन गॉसलिंगचा. ठाण्यात मल्टिप्लेक्सला घेऊन गेलो, बाबांचे गुडघे दुखतात म्हणून कडेची सीट. समुद्रकिनाऱ्यावर गाडी साडेआठ कोलांट्या खाते तो स्टंट खरोखर एका स्टंटमनने गाडीत बसून केलाय, गिनेस रेकॉर्ड आहे, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, तर ते खुर्चीचा हात धरून मोजत होते. शेवटी नावं सुरू झाली, लोक उठले, मी म्हटलं थांबा. आणि पडद्यावर म्हातारा ली मेजर्स आला. बाबा काहीच बोलले नाहीत. माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दिवे लागेपर्यंत काढला नाही.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, खोली नंबर चौदा होती आमची, खिडकीतून समुद्र दिसायचा. मग तलावपाळी येईपर्यंत त्या सहा जणांची नावं, गावं, कोण काय स्वयंपाक करायचं, सगळं सांगितलं. यातलं काही मी आधी ऐकलं नव्हतं.