टक्कर नसताना आघात तरंग कसा?

प्रश्न (परभणी):
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हवेतला आघात तरंग (दाब, घनता आणि वेग जिथे एकदम बदलतात ती पातळ सीमा) रेणूंच्या टकरींमुळे तयार होतो, असे आम्हांला शिकवले आहे. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहात, मात्र घनसेंटिमीटरमागे जेमतेम पाच-सात प्रोटॉन असतात आणि दोन टकरींच्या मधले अंतर जवळजवळ सूर्य-पृथ्वी अंतराइतके, म्हणजे १५ कोटी किलोमीटरच्या घरात जाते. तरीही पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला सुमारे ९०,००० किलोमीटरवर हा वारा एका आघातातून जाऊन एकदम मंदावतो. तिथे कोण कोणाला अडवते?

उत्तर १ (नांदेड):
टकरीचे काम तिथे चुंबकीय क्षेत्र करते; ते प्रोटॉनला वळवून गिरकी घ्यायला लावते. क्षेत्र पाच नॅनोटेस्ला आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटर धरून प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या काढून पाहा. ती आठशे किलोमीटरच्या आसपास येते, आणि आघाताची जाडीही साधारण त्याच मापाची असते.

आता वेगाचे. शेतातल्या हौदाच्या कोरड्या तळावर मोटारीचे पाणी पडू लागले की धारेभोवती ते पातळ आणि वेगाने पसरते, आणि थोड्या अंतरावर एका कड्यापाशी अचानक जाड होते. कड्याबाहेरची लहर आत शिरू शकत नाही, कारण आतला प्रवाह तिच्यापेक्षा वेगवान असतो. आघात म्हणजे असेच कडे. सौरवाऱ्यात लहरींचे काम चुंबकीय क्षेत्राच्या बलरेषा करतात; अशा रेषा ताणलेल्या तारांसारख्या थरथरतात, हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्फ्वेन यांनी १९४२ मध्ये मांडले (१९७० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले). या तरंगांचा वेग तिथे सेकंदाला पन्नासेक किलोमीटर भरतो. ध्वनी आणि चुंबकीय दाब मिळून होणारा जलद तरंग थोडा पुढे असला, तरी ४०० पुढे त्याचाही टिकाव लागत नाही. पृथ्वीचा अडथळा आहे ही वर्दी वाऱ्याला आधी मिळतच नाही.

उत्तर २ (लातूर):
हौदाचा दाखला चांगला आहे, पण पाण्याला बलरेषा नसतात आणि खरी गंमत तिथेच आहे. बलरेषा आघाताच्या पृष्ठभागाला समांतर असतील, तर वायू जितक्या पटीने दाबला जातो तितक्याच पटीने, म्हणजे फार तर चौपट, क्षेत्रही वाढते, आणि आघात रेखीव राहतो. त्या पृष्ठभागाला लंब असतील, तर क्षेत्र मुळात तेवढेच राहते. आघाताने परतवलेले प्रोटॉन रेषेवरून मागे धावतात आणि आघाताची कड विस्कटून जाते.

प्रश्नकर्ता:
मग वाऱ्याची ऊर्जा नेमकी कुठे जाते?

उत्तर २ (लातूर):
बहुतांशी उष्णतेत. काही प्रोटॉन परतवले जातात, एक गिरकी घेऊन पुन्हा आघातावर येतात आणि पलीकडे जातात तेव्हा त्यांची गती सैरभैर झालेली असते. टक्कर न होता तापमान वाढते ते असे. शिवाय आघात एका जागी उभा नसतो. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस व्हॉयेजर-२ या अंतराळयानाने सूर्यमालेच्या कडेचा, सौरवारा जिथे मंदावतो तो, आघात ओलांडला, तेव्हा तो पुढेमागे हलत असल्यामुळे यानाला तो काही दिवसांत अनेकदा ओलांडावा लागला.