दोन ऑक्टोबर आला की आपण अंजूला विसरतो का?

फोंड्याची प्रेक्षक (धागा)

निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी ‘दृश्यम’ २०१५ साली आला. त्यानंतर आमच्या फोंड्यातील दहा-बारा जणांच्या मंडळाला दोन ऑक्टोबरला कोणा एकाच्या घरी जमण्याची सवय लागली. चित्रपटाचा नायक विजय साळगावकर दोन ऑक्टोबरला कुटुंबासह पणजीला सत्संगाला गेला, तिथे सर्वांनी पावभाजी खाल्ली, सिनेमा पाहिला, ही त्याने रचलेली हकिकत आम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. आम्हीही त्या दिवशी पावभाजीच करतो आणि एकमेकांची उलटतपासणी घेतो. पडद्यावरचा गोवा म्हणजे केवळ समुद्रकिनारा, हे वर्षानुवर्षे पाहत आलेल्या आम्हा अंत्रुजकरांना, म्हणजे फोंड्याकडच्या लोकांना, साळगावकर आडनावाचा साधा गृहस्थ नायक म्हणून मिळाला, याचे मला अजूनही मनापासून अप्रूप आहे.

गेल्या वर्षी एका सदस्याची पंधरा वर्षांची भाची प्रथमच आली होती. कथा जिथून सुरू होते तो प्रसंग सर्वांना आठवत असेल: शिबिरात आंघोळ करणाऱ्या विजयच्या मुलीचे, अंजूचे, एक मुलगा मोबाईलवर चोरून चित्रण करतो आणि त्याच्या जोरावर तिला धमकावतो. पुढे तो तिच्या हातून मारला जातो, आणि ते लपवण्यासाठी विजय ती हकिकत रचतो. आमच्यातील एकाने त्या मुलाच्या आवाजाची नक्कल करून दाखवली आणि सर्व हसले. मीही हसले. ती मुलगी उठून पडवीत जाऊन बसली. मी मागोमाग गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मावशी, तिला नंतर कोणी काही विचारतच नाही.”

तिच्यासोबत काही घडले होते का, हे मी खोदून विचारले नाही. कधी काही सांगावेसे वाटले तर मला सांग, तुला कोणी रागावणार नाही, इतकेच बोलले. परंतु तिचे वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलेले नाही. तारीख, बस, तिकिटे, हॉटेल हे सर्व आम्ही जपून ठेवले, आणि ज्या मुलीसाठी एवढा खटाटोप झाला तिला मात्र कथेच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. म्हणून यंदा मंडळापुढे माझे म्हणणे असे आहे की त्या प्रसंगाची नक्कल बंद करावी, नव्याने येणाऱ्याला चित्रपटात काय आहे हे आधी सांगावे, आणि जमलेल्यांपैकी दोन जाणत्या बायकांनी मुलींकडे लक्ष ठेवावे. मंडळातील निम्म्या लोकांना हे पटलेले नाही, म्हणून इथे विचारते.

बार्देशचा केबलवाला

ताई, त्या मुलीबद्दल आपण जे केले ते योग्यच होते आणि नक्कल बंद व्हावी हेही मान्य आहे. मात्र पुढच्या भागाशी मी असहमत आहे. मी स्वतः वीस वर्षे केबलच्या धंद्यात आहे. चौथी नापास झालेला, अनाथ वाढलेला, घरोघरी तार ओढणारा माणूस केवळ स्मरणशक्तीच्या आणि पाहिलेल्या सिनेमांच्या बळावर पोलीस महानिरीक्षकांसमोर उभा राहतो, हे पाहताना मला काय वाटले असेल ते कार्यालयात बसणाऱ्यांना सहज कळणार नाही. आमच्यासारख्यांना पडद्यावर जागा मिळते ती बहुधा दार उघडून ‘साहेब, सिग्नल येत नाही’ एवढे म्हणण्यापुरती. दोन ऑक्टोबरची तोंडपाठ हकिकत हा आमच्या दृष्टीने दुबळ्याच्या बुद्धीचा उत्सव आहे. त्यात अंजूचा अपमान नाही. उलट बापाने तिच्यासाठी काय केले हेच आम्ही दरवर्षी आठवतो. प्रत्येक मेळाव्याला आधी सूचना आणि मग देखरेख असे स्वरूप आले, तर थकूनभागून तीन तास विसावायला येणारा माणूस येईनासा होईल. माणसे जमणेच थांबले तर काळजी घ्यायची तरी कोणाची?

साष्टीची वाचक

मी कॅथलिक आहे, प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले आणि वाचन आजही मराठीच अधिक आहे. अंजूबद्दल धागाकर्तीने लिहिले त्याला जोडून एक गोष्ट सांगते, कारण दोन्हींचे मूळ मला एकच वाटते. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. त्यातील नायक केरळातील ख्रिस्ती शेतकरी आणि केबलचालक, नाव जॉर्जकुट्टी. ही कथा हिंदीत आणताना गोव्यात नेली, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, आणि नेमका इथेच जॉर्जकुट्टीचा साळगावकर झाला. हिंदी पडद्यावर आमच्या वाट्याला बाटली, गिटार आणि मोडके हिंदी वर्षानुवर्षे आले. बायको-मुलींसाठी जिवाचे रान करणारा, हुशार, शांत ख्रिस्ती बाप कागदावर तयार होता, आणि तो गोव्याच्या वेशीवर उतरवून ठेवला गेला. हे मी माझ्या मित्रमंडळीत एकदा बोलले तेव्हा ‘तू सिनेमात पण धर्म बघतेस’ असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर चित्रपट पाहायला जात नाही. चित्रपट मात्र मला आजही आवडतो, हेही नोंदवून ठेवते.

डिचोलीचे मास्तर

साष्टीच्या बाईंचे दुःख खरे आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याच जनगणनेत गोव्यात हिंदू सुमारे ६६ टक्के आहेत. हिंदी चित्रपटाने मात्र गोवेकर म्हणजे ख्रिस्ती, तोही त्यांनी वर्णिला तसा, एवढेच गृहीत धरले. त्यामुळे डिचोली, सत्तरी, पेडणे येथील माणूस देशाच्या डोळ्यांना कधी दिसलाच नाही. देवळाच्या काल्याला रात्रभर मराठी नाटक करणारी आमची गावे परक्यांना अजूनही खरी वाटत नाहीत. अशा वेळी नायक साळगावकर झाला, हे एकाचे हिसकावून दुसऱ्याला देणे नव्हे, दीर्घ काळच्या अनुपस्थितीची ती थोडी भरपाई होती. शिवाय एक बाब पाहावी: त्याच चित्रपटात लहान मुलीला निर्दयपणे मारणारा पोलीस गायतोंडे आहे, आणि तेही अस्सल गोमंतकीय आडनाव आहे. सज्जन आणि दुर्जन दोघेही आपल्याच गावचे असणे, याहून न्याय्य चित्रण ते कोणते? कथाकाराने जनगणनेचा तक्ता पुढ्यात घेऊन पात्रे वाटायला सुरुवात केली, तर एकही पात्र जिवंत राहणार नाही.

साष्टीची वाचक

मास्तर, तक्ता मी मागितलेला नाही. आपण दिसला नाहीत म्हणून आपल्याला जे वाटले, तेच मला वाटते, एवढेच आपण ऐकून घ्यावे. ‘धर्म बघतेस’ असे आपण म्हणाला नाहीत, याबद्दल मी आपली आभारी आहे.

काणकोणची शिक्षिका

चर्चा आडनावांकडे वळली, तिला पुन्हा अंजूकडे आणते, कारण माझ्या वर्गात अंजूच्या वयाच्या मुली आहेत. केबलवाले दादा म्हणतात की बापाने मुलीसाठी काय केले हे आपण आठवतो. माझी अडचण नेमकी तिथेच आहे. चित्रपटातील कुटुंबाने सर्व काही लपवले आणि ते जिंकले. पाहणाऱ्या मुलीच्या मनात मात्र असा समज बसतो की असे घडले तर ते सांगण्यासारखे नसते, ते पुरून टाकायचे असते. योगायोग पाहा: स्त्रीचे असे चोरून चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड संहितेत आला तो २०१३ साली, कलम ३५४-सी म्हणून, म्हणजे मूळ चित्रपटाच्याच वर्षी. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदाही लागू होतो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि बालकांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. माझ्या वर्गातील मुलींना दोन ऑक्टोबरची पावभाजी ठाऊक होती, यातील एकही गोष्ट ठाऊक नव्हती. विद्यार्थिनींचा विश्वास मिळवायला मला वर्ष लागते आणि आवाजाची एक नक्कल तो क्षणात घालवू शकते, म्हणून धागाकर्तीच्या प्रत्येक सूचनेला माझा पाठिंबा आहे.

तिसवाडीचा एक प्रेक्षक

थोडक्यात लिहितो. मला ऐकू येत नाही. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट झाला तेव्हा प्रथमच अनोळखी लोकांत बसून कार्यक्रम पूर्ण समजला. आपल्या मेळाव्यांत चित्रपट लावताना खाली अक्षरे चालू ठेवावीत. एक बटण दाबायचे असते. ‘पडदा खराब दिसतो’ म्हणून ते बंद केलेले मी तीनदा पाहिले आहे.

बार्देशचा केबलवाला

शिक्षिकाबाई, कायद्याचे कलम मला माहीत नव्हते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. काल रात्री जेवताना मी तिला विचारले की असे काही झाले तर तू कोणाला सांगशील. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुम्हाला नाही, तुम्ही त्याला मारायला जाल.” मी दरवर्षी ज्या बापाचे कौतुक करतो, त्याच्यामुळेच माझी मुलगी माझ्याजवळ तोंड उघडणार नाही, हे मला ऐकावे लागले. आधी सूचना देण्याला माझा विरोध होता, तो मी मागे घेतो. देखरेखीचे मला अजून पटलेले नाही. मुलींवर लक्ष ठेवण्यापेक्षा हसणाऱ्या पुरुषांवर ठेवा, आणि ते काम बायकांवर न टाकता आमच्यापैकी कोणाकडे तरी द्या.

फोंड्याची प्रेक्षक

दादा, आपली दुरुस्ती मी स्वीकारते. हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

मास्तर आणि साष्टीच्या बाई यांच्यातील मतभेद मिटवण्याचा मी प्रयत्न करणार नाही, कारण दोघांनाही पडद्यावर न दिसण्याचा अनुभव आहे आणि मला दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटतात. फक्त ‘कथा ती कथा’ असे म्हणणाऱ्या माझ्या मंडळातील मित्रांसाठी आमच्याच तालुक्यातील एक गोष्ट लिहिते. केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवला गेला, याचा आम्हाला केवढा अभिमान आहे. पण देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या ज्या कलावंत समाजातून त्या आल्या, त्यातील बायकांच्या गाण्यावर जीव टाकणारे रसिक त्यांना आपल्या घराच्या ओसरीवर बरोबरीने बसवायला तयार नव्हते. गाणे आवडण्यात खोटेपणा नव्हता. गाणारीकडे पाहणे तेवढे राहून गेले.

यंदा जमण्याचे ठिकाण माझे घर आहे. अक्षरे चालू असतील. सुरुवातीला चित्रपटात काय आहे ते मी सांगेन आणि नाव न देता तक्रार कशी करता येते हे काणकोणच्या बाईंनी सांगावे, अशी त्यांना विनंती आहे. पावभाजी असेलच, आणि उलटतपासणीही. दादांनी आपल्या मुलीला विचारावे आणि तिची इच्छा असेल तरच तिला आणावे. साष्टीच्या बाईंना यायचे असल्यास रात्री परत सोडण्यासाठी गाडीची व्यवस्था करते, कारण कदंबची शेवटची बस चुकली की मडगावला जाणे कठीण होते.

साष्टीची वाचक

येते. मास्तर येणार असतील तर जॉर्जकुट्टीचा विषय पुन्हा काढीन, हे आधीच सांगून ठेवते.

डिचोलीचे मास्तर

अवश्य काढावा. मी गायतोंडेंना घेऊन येतो.